धीमी चाल

फुकट काम करणाऱ्या माणसाला लोक मान देतात असं कोणी तुम्हाला सांगितलं, तर त्याला पाणीसुद्धा विचारू नका. मी कित्येक वर्षं फुकट काम केलं, तेही हौसेनं, आणि त्याबद्दल मला एक शाल, एक नारळ आणि "चर्चा फार उद्बोधक झाली" एवढं एक वाक्य मिळालं. शाल सासूबाई पांघरतात. नारळाची चटणी झाली. ते वाक्य तेवढं अजून घशात अडकून आहे.

काम काय, हे बाभुळगावात मला आजवर कोणाला नीट समजावता आलेलं नाही. शेजारच्या काकू गच्चीवर पापड घालायला येतात आणि माझा अँटेना पाहून दर वेळी विचारतात, "काय वं, टीव्ही दुरुस्त करून राह्यली का?" आधी मी सांगायचे, आता हो म्हणून मोकळी होते. तर ऐका. जुन्या रेडिओत प्रत्येक कामाला एकेक वेगळा भाग असायचा, तारा, कॉइल, काय काय. आता तसं राहिलं नाही. एक अँटेना, एक तळहाताएवढा बोर्ड, आणि बाकी सगळं गणित संगणकात. कोड बदलला की रेडिओ बदलला. तो कोड मी लिहिते आणि उघड्यावर ठेवते. कोणीही घ्या, वाचा, बदला, वापरा. याला ओपन सोर्स म्हणतात. माझ्या नवऱ्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, तो याला "दार उघडं टाकून गावाले जेवाले बोलावणं" म्हणतो.

हे सगळं सुरू झालं ते माझ्या धाकट्या नणंदेमुळं. ती नर्स. केळापूरच्या पलीकडं, टेकडीमागं कोलाम आदिवासींचं एक पोड आहे, म्हणजे त्यांची वस्ती. तिथल्या उपकेंद्रात तिची नेमणूक झाली. पोडावर मोबाइलला रेंज नाही. फोन लावायचा तर टेकडी चढून वर जायचं. आता बाळंतीण टेबलावर टाकून नर्सनं टेकडी कशी चढायची, हे ज्यानं नेमणूक केली त्यालाच विचारा. अॅम्ब्युलन्स उभी असते ती टेकडीच्या अलीकडं, रस्त्यावरच्या दवाखान्यात, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात. मधे नुसती एक टेकडी. पण ती अशी आडवी बसलेली की बाप्पा, रस्त्यावर ठाण मांडून बसलेल्या म्हशीसारखी, हलायचं नाव नाही.

एकदा माहेरी आली असताना ती मला म्हणाली, "वहिनी, तुम्ही एवढं रेडिओ रेडिओ करता. माह्या पोडावरून दवाखान्यात एक ओळ जाईन असं काही करा न."

मला अशी मागणी कोणी कधी केली नव्हती. मी लगेच कामाला लागले. परवाना लागत नाही अशी लहरींची एक पट्टी आहे, तिच्यावर छोटे संदेश पाठवणारे दोन संच मी तयार केले. नवऱ्यानं पाइप वेल्डिंग करून दोन खांब दिले. एक संच पोडावर, एक दवाखान्याच्या खिडकीत. आणि काही नाही! एक अक्षर पलीकडं जाईना. टेकडीच्या या बाजूला संदेश धडधाकट निघायचा आणि त्या बाजूला नुसती खरखर. मी पोडावर मुक्कामाला राहिले, अँटेना इकडं वळव, तिकडं वळव, नणंद मुकाट्यानं चहा देत राहायची आणि मी सगळ्या जगावर चिडत राहायचे.

मग एका सकाळी उतारावरच्या शेतातून एका कोलाम बाईनं पलीकडच्या उतारावरच्या बाईला हाळी दिली. कोलामी मला येत नाही, शब्द काही कळले नाहीत. पण ती कसं बोलत होती ते ऐकलं. एकेक अक्षर तिनं असं ताणलं होतं की वाऱ्यानं मधलं थोडं नेलं तरी उरलेल्यावरून कळावं. मी जागच्या जागी उभी राहिले. म्हटलं, गाढवे, तू घाईनं बोलतेस म्हणून टेकडी खाऊन टाकते.

कोडात मी तेच केलं. संदेशाचा प्रत्येक बारीक तुकडा लांबवला, भरपूर लांबवला, म्हणजे ऐकणाऱ्या संचाला खरखरीतून तो वेचायला सवड मिळाली. एक ओळ जायला चहाला उकळी फुटेपर्यंत वेळ लागायचा. पण जायची. आम्ही दोघी तिला धीमी चाल म्हणायचो. पहिली ओळ आली तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते. पडद्यावर आलं, "वहिनी ऐकू येते का". मी तिथंच रडायला लागले. कंपाउंडरला वाटलं मला इंजेक्शनची भीती वाटते, तो म्हणाला, "ताई, दुखत नाही जास्त."

तेव्हापासून रोज सकाळी नणंद पोडावरून "हजर" असा शब्द पाठवायची आणि दवाखान्याचा संच आपोआप पोच द्यायचा. पोच आली की तिचा दिवस सुरू. सापाचे, तापाचे, बाळंतपणाचे निरोप त्या चालीनं गेले आणि अॅम्ब्युलन्स टेकडीला वळसा घालून पोडावर आली. हे मी लिहिलेल्या कोडानं होत होतं. आयुष्यात कशाचा गर्व केला असेन तर याचा केला.

आता समितीकडं येते. माझं टाळकं सरकतं ते इथून पुढं.

खेड्यापाड्यांतल्या अशा रेडिओंसाठी एक मानक ठरवायचं म्हणून एक समिती बसली होती. मानक म्हणजे एक जाडजूड कागद, ज्याच्याबरहुकूम सगळ्यांनी संच बनवायचे, म्हणजे एकाचा संच दुसऱ्याच्या संचाशी बोलेल. पण कागद कितीही जाड असला तरी त्यात फटी राहतात. एक जण असं वाचतो, दुसरा तसं. म्हणून कागदाबरोबर एक चालता नमुना लागतो, कागदाप्रमाणं तंतोतंत वागणारा कोड. याला रेफरन्स म्हणतात. शंका आली की आपला संच त्या नमुन्याशी बोलवून बघायचा. बोलला तर बरोबर, नाही बोलला तर तुमचं चुकलं. हा नमुना वेगवान नसला तरी चालतो, देखणा नसला तरी चालतो. कागदात आहे ते सगळं त्यात पाहिजे आणि कागदात नाही ते काहीही त्यात नको, एवढीच त्याची जात. समितीनं नमुना म्हणून माझा कोड निवडला. उघड्यावर होता, स्वच्छ होता, आणि एका खऱ्या टेकडीपलीकडं चालत होता. मसुद्यात धीम्या चालीचं एक अख्खं प्रकरण होतं.

गावात सत्कार झाला. व्यासपीठावरच्या मान्यवरांनी "आकाशवाणीवर निवड झाल्याबद्दल" माझं अभिनंदन केलं. नवरा पहिल्या रांगेत तोंडाला रुमाल लावून हसत होता. मीही हसले. तेव्हा हसायला येत होतं.

समितीत मी सदस्य नव्हते. सदस्य म्हणजे कंपन्या आणि संस्था. मी निमंत्रित. निमंत्रितानं विचारल्यावर बोलायचं. बैठका संगणकावर व्हायच्या. माझ्याकडं वीज गेली की मी अर्ध्यातून गायब, आणि परत येईपर्यंत विषय पुढं सरकलेला. मसुदा लिहिणारे संपादक एक निवृत्त गृहस्थ होते, अतिशय सभ्य. त्यांच्या सभ्यपणाचा मला पुढं वीट आला.

एका बैठकीत एका मोठ्या कंपनीचे प्रतिनिधी म्हणाले, "ही धीमी चाल काढून टाकावी. एका ओळीसाठी एवढा वेळ कोण थांबणार?"

मी कोणी विचारायच्या आधीच बोलले. "जिची बाळंतीण टेबलावर हाये थे थांबते."

कोणीतरी हसलं. प्रतिनिधी म्हणाले, "मुद्दा भावनिक आहे, मी समजू शकतो."

काय समजतोस तू कपाळ! भावनिक नव्हताच तो मुद्दा. खरी गोष्ट मला नंतर कळली. त्यांची चिप आधीच बनून तयार होती. चिपमधलं घड्याळ थोडं थोडं भरकटायचं, आणि एवढा लांबलेला संदेश वेचायचा तर घड्याळ जागेवर राहावं लागतं. म्हणजे त्यांच्या चिपला जमत नाही म्हणून कागदातून प्रकरण काढायचं. कंबर मोडली चिपची आणि लंगडायचं पोडानं.

काही दिवसांनी धीम्या चालीशिवायचा मसुदा फिरवला गेला. कोणाचा आक्षेप असेल तर मुदतीत कळवा, असं त्यात होतं. इथं आम्ही ओपन सोर्सवाल्यांनी जो मूर्खपणा केला, तो आमचीच जात करू जाणे. आम्हाला सवय काय, तर जे काय भांडायचं ते कोडाच्या पानावर, सगळ्या जगादेखत भांडायचं. मी तिथं आक्षेप लिहिला. पोडावरून नोंदवलेल्या खरखरीच्या फायली टाकल्या, आलेख टाकले. केरळातून एक, ब्राझीलमधून एक, जर्मनीतून एक, असे कुठून कुठून लोक आले. कोणी माझी मोजणी आपल्याकडं करून पाहिली, कोणी दुसऱ्या डोंगरावर. वाद झाला, शंका निघाल्या, एकेक शंका आम्ही फेडली. शेवटी विरोधात बोलणारा एकही उरला नाही. मी नवऱ्याला म्हटलं, जिंकलो. त्या दिवशी घरी पुरणपोळी केली मी, सण नसताना!

आणि समितीचा रिवाज असा, की आक्षेप सदस्यानं समितीकडं रीतसर पाठवला तरच तो आक्षेप. बाकी सगळी शांतता, आणि शांतता म्हणजे होकार. आम्ही जगभरचे एवढे शहाणे लोक, त्यातला एकही सदस्य नव्हता, आणि एखाद्या सदस्याला गाठून त्याच्याकडून दोन ओळी पाठवाव्यात हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्हाला वाटलं, सगळ्यांसमोर पटवून दिलं म्हणजे पोचलं. मुदत संपली. प्रकरण एकमतानं गळालं.

मी संपादकांना फोन लावला. "तुम्ही आमची चर्चा वाचली नाही का?"

"वाचली ना. संपूर्ण वाचली. फार उद्बोधक झाली."

"मग समितीत का नाही ठेवली?"

"मी संपादक आहे. मला बाजू घेता येत नाही. आणि आक्षेप तर कोणाचाच आला नाही."

मी फोन ठेवला आणि तांदूळ निवडायला बसले, कारण हाताला काही काम दिलं नसतं तर मी काहीतरी फोडलं असतं. एकमतानं! त्या शब्दाचा मला इतका संताप आला की आजही कोणी पतसंस्थेच्या सभेत "ठराव एकमताने मंजूर" म्हटलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मग समितीकडून सूचना आली, की मानक बदललं आहे, तेव्हा नमुन्यातूनही धीमी चाल काढावी. मी कळवलं, मी काढणार नाही. माझ्या हातानं तर मुळीच नाही. तुम्हाला कापायचं तर तुम्ही कापा. आणि त्यांनी कापलं की! कोड उघडा होता. कोणीही घ्या, बदला, असं मीच लिहून ठेवलं होतं. त्यांनी त्याची प्रत घेतली, तेवढा भाग छाटला, आणि त्या प्रतीला अधिकृत नमुना म्हणून जाहीर केलं. बेकायदा काहीच नव्हतं. भांडायला कायदासुद्धा माझ्या बाजूनं नव्हता.

नवरा म्हणाला, "दार त तूच उघडं टाकलं होतं."

बोलण्यात खोट नव्हती, म्हणूनच झोंबलं. त्या दिवशी त्याच्या ताटात मी करपलेली भाकर वाढली. त्यानं ती मुकाट खाल्ली.

खरी गंमत तर पुढं झाली, हिला गंमत म्हणायचं असेल तर. आमच्या पोडाचं उदाहरण वर सरकारात गेलं. टेकडीमागच्या एका पोडावर रेडिओमुळं अॅम्ब्युलन्स वेळेवर पोचते म्हणे, तर सगळ्याच आडबाजूच्या वस्त्यांना असे संच द्या, असं ठरलं. चांगलंच ठरलं. पण संच प्रमाणित पाहिजेत. प्रमाणित म्हणजे अधिकृत नमुन्याशी बोलून पास झालेले. म्हणजे धीमी चाल नसलेले. एक नवा पांढरा डबा दवाखान्यात आला, एक पोडावर आला. नणंदेनं जुन्या संचावरून, धीम्या चालीनं, मला निरोप देण्यासाठी दवाखान्यात ओळ पाठवली: "नवीन डबा मुका आहे वहिनीला सांगा".

मी पहिली एसटी धरून यवतमाळ, तिथून पांढरकवडा, तिथून मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठला. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना शिव्या द्याल. त्यांनी मला प्रमाणपत्र दाखवलं.

"मॅडम, चाचणी तर तुमच्याच कोडवर झाली म्हणतात. तुम्हीच केलंय ना हे?"

"माह्या कोडावर नाही झाली," मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला की बाहेरच्या रांगेतल्या बाया आत डोकावल्या. "माह्या कोडाचे पाय तोडले अन् मग म्हतलं, हे पाहा, हे चालते, तुम्ही बी असंच चाला. हा डबा टेकडीपलीकडचं ऐकत नाही डॉक्टरसाहेब. याले काही ऐकू येत नाही. याच्यावर हिरवा दिवा तेवढा लागते."

त्यांनी मला पाणी दिलं. मग म्हणाले, प्रमाणपत्र नसलेलं यंत्र वापरायचं नाही असा आदेश आहे खरा. पण तुमचा जुना संच राहू द्या खिडकीत, नव्याच्या शेजारी. चालू राहील. इथं कोण पाहायला येतंय.

मी त्यांचे आभार मानले. खरं तर पायाच पडायचं बाकी होतं. पोडावर जाऊन नणंदेला सांगितलं, काळजी करू नका, जुना संच हलत नाही, मी पक्कं करून आली. तिनं सकाळचं "हजर" जुन्यावरूनच पाठवायचं, असं ठरलं. आणि तसं बरेच महिने सुरळीत चाललंही. मला वाटलं, समिती गेली खड्ड्यात, माझं पोड तर बोलतंय. एवढंच मला पाहिजे होतं.

मग तपासणी लागली. आपल्याकडं तपासणी कशी असते ते सांगायला नको. आदल्या दिवशी भिंतींना चुना, पडदे धुतलेले, फाटक्या गाद्या मागच्या खोलीत, आणि जे जे दिसू नये ते कपाटात. त्या दिवशी सकाळी नणंदेचं "हजर" आलं, पोच गेली. त्यानंतर डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं माझा संच खिडकीतून काढला, वायर नीट गुंडाळली आणि औषधाच्या कपाटात सलाइनच्या खोक्यांमागं ठेवला. कारण पथकानं पाहिला असता तर जप्त करून नेला असता. तो वाचावा म्हणून त्यांनी तो लपवला. पथक आलं. खिडकीत नवा डबा, त्याच्यावर हिरवा दिवा, सगळं प्रमाणित. पथकानं चिवडा खाल्ला, चहा घेतला, शेरा चांगला दिला आणि पुढच्या गावाला निघालं. डॉक्टरांनाही सोबत घेऊन गेलं. कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात.

त्या दुपारी पोडावर एक बाई बाळंत झाली. पोर चांगली होती, रडली. पण बाईचं रक्त थांबेना. नणंदेनं जे करता येतं ते सगळं केलं आणि रेडिओ लावला. ओळ गेली. पोच आली नाही. पुन्हा पाठवली. धीमी चाल ती, प्रत्येक वेळी एक चहाची उकळी. पोच नाही. मग नव्या डब्यावरून पाठवली, तोही गप्प. शेवटी तिनं बाईच्या दिराला फोन देऊन टेकडीवर धाडलं. तो पळत गेला, वर रेंज मिळाली, फोन लागला, अॅम्ब्युलन्स निघाली आणि आलीही. बाई रस्त्यात गेली. पोर वाचली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला फोन केला. संच कपाटात कसा गेला ते त्यांनी सगळं सांगितलं. मला त्यांना शिव्या द्यायच्या होत्या, पोटभर द्यायच्या होत्या. पण ज्या माणसानं माझा संच वाचवायला म्हणून लपवला त्याला काय म्हणू? मी म्हटलं, तुमची चूक नाही. फोन ठेवल्यावर माझं मलाच कळेना की मग कोणाची. प्रतिनिधींची म्हणावं तर त्यांनी मत मांडलं होतं. संपादकांची म्हणावं तर त्यांनी नियम पाळला होता. पथकाचा तर शेरासुद्धा चांगला होता.

मी समितीला सगळं लिहून पाठवलं. काहीही न लपवता, त्या बाईचं वयसुद्धा लिहिलं. संपादकांचं उत्तर लगेच आलं. घटनेबद्दल त्यांना मनापासून खेद होता. पुढच्या आवृत्तीच्या वेळी हा मुद्दा अवश्य मांडावा, सदस्यामार्फत, असं त्यांनी सुचवलं होतं. मी ते वाचलं, आणि उत्तर लिहायला घेतलं, आणि जे लिहिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पाठवलं मात्र मी ते. त्याची लाज मला अजून वाटलेली नाही.

नणंद त्यानंतर बरेच दिवस आली नाही. फोनवर कामापुरतं बोलायची. मला वाटलं, तिला राग आलाय आणि येऊ दे, हक्क आहे तिचा. मग एका रविवारी ती सकाळच्या एसटीनं बाभुळगावला आली. नवरा दुकानात होता. मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. ती समोर बसली, सुपातल्या शेंगा घेऊन सोलायला लागली. मी डॉक्टरांचं, कपाटाचं, समितीचं सांगायला सुरुवात केली. तिनं मला थांबवलं.

"थे मले माहीत हाये वहिनी. मी दुसरं सांगाले आली."

मी सूप तिच्याकडं सरकवलं.

"पोडावर पहिले रिवाज होता," ती म्हणाली. "दिवस भरत आले की बाया खाली रस्त्यावरच्या गावात जात. कोणी मावशीकडं, कोणी आतेकडं. तिथंच राहत. पोर झालं की मंग वर येत. आपला रेडिओ चालाले लागला अन् हळूहळू मीच थे बंद केलं. कायले बिचाऱ्यायनं लोकाच्या घरी जाऊन पडावं, असं वाटे मले."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

"रस्त्यात गेली थे बी निघालती वहिनी. गाठोडं बांधून ओट्यावर बसलती. नवरा बैलं जुंपून राह्यलता. मीच गेली अन् म्हतलं, काहून जातं माय एवढ्या दूर, रेडिओ हाये न आपला. वहिनीनं पक्कं करून देल्लं हाये. माह्या समोर तिनं गाठोडं सोडलं."

मला खूप बोलता येतं. माझ्या तोंडाला लागू नये असं सगळं गाव म्हणतं. मी खाली वाकून सालपटांत पडलेले दाणे वेचायला लागले.

"अजून दोघी हायेत," ती म्हणाली. "दिवस भरत आले त्यायचे. परवा विचारत होत्या, सिस्टर, राहू का जाऊ? मी म्हतलं, रविवारी सांगतो. काय सांगू त्यायले?"

दवाखान्याच्या खिडकीत माझा संच परत लागला होता. डॉक्टरांनी तपासणीच्याच संध्याकाळी लावला होता आणि आपण इथं आहोत तोवर आता तो हलणार नाही अशी शपथ घेतली होती. सकाळची पोच रोज जात होती. हे तिलाही माहीत होतं. तरी ती एवढ्या लांबून विचारायला आली होती. आणि मला आदेश माहीत होता, पुढची तपासणी माहीत होती, डॉक्टरांची बदली कधीही होऊ शकते हे माहीत होतं.

"जाऊ द्या त्यायले," मी म्हणाले. "बैलं जुंपा अन् खाली जाऊ द्या. माह्या रेडिओच्या भरवशावर यापुढं कोणालेच थांबवू नका, ताई."

तिनं मान हलवली. मग सुपातल्या उरलेल्या शेंगा सोलून टाकल्या.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "फक्त तुमच्या तोंडून ऐकाचं होतं."